नौदलाचा अफसर पाटलाच्या विहिरीत

आमच्या घाटंजी तालुक्यात समुद्र नाही. असता तर पाटलानं त्यालाही कुंपण घातलं असतं. तरी आमच्या बौद्धपुऱ्यातला बळीराम नौदलात अफसर झाला, तालुक्यातला पहिला.

छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेला, तो परस्पर मुंबई गाठून भरतीच झाला. तिथं विचारलं, पोहता येतं? "येते," म्हणाला. धडधडीत खोटं! गावात विहीर एकच, पाटलाची, आणि तिच्या ओट्यालाही आम्ही शिवायचं नाही. शिकणार कुठं? पहिल्या दिवशी गडी धोंड्यासारखा बुडाला. काढला, पुन्हा बुडाला. बुडता बुडताच पाणबुड्या झाला आणि नऊ वर्षांत खांद्यावर पट्टी चढली.

पासष्टच्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला. पांढऱ्याफेक कपड्यात हिंडायचा, तेव्हा माझाही जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? त्याची माय तुळसाबाई मात्र अजून ओट्याखाली रिकामी घागर घेऊन बसायची, वरून कुणी पाणी ओतेल म्हणून. ते पाहून बळीराम दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी पाटलाच्या पाणी उपसायच्या इंजिनाचा फुटव्हॉल, म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, निखळून विहिरीच्या तळाशी गेला. उपसा बंद, संत्र्याची बाग वाळायला लागली. गावातले पट्टीचे पोहणारे अर्ध्यातूनच वर आले. अडला हरी, दुसरं काय!

"बळ्या... बळीरामजी, तुमीच काढा आता," पाटील म्हणाला.

बळीरामनं उडी घेतली. बराच वेळ वर येईना. पाटलाला घाम फुटला. माणसासाठी की फुटव्हॉलसाठी, देव जाणे. शेवटी डोकं दिसलं, हातात फुटव्हॉल.

"मायले म्हना, वर ये अन् घागर सोड," तो पाण्यातूनच ओरडला.

"विहीर बाटन ना रे!" पाटलाची आई किंचाळली.

"मी आत हाव, आता काय बाटाची राह्यली? सात समुद्र बाटवून आलो, तेबी धुऊन घ्या. घागर भरून वर गेली का फुटव्हॉल देतो. नाही तं हा चालला खाली."

पाटलानं बागेकडे पाहिलं. "सोड वं घागर, तुळसाबाई."

तुळसाबाई जन्मात पहिल्यांदा ओट्यावर चढली. लेकानं खालून घागर बुडवून दिली. ती दोर ओढू लागली, पण विहिरीतून शेंदायची सवय नव्हती. पाटलाला घाई, तो दोर धरायला पुढे झाला.

"शिवू नोको," तुळसाबाई म्हणाली, आणि सावकाश, अगदी सावकाश ओढत राहिली.