उंच छताची शाळा

खारूची शाळा पाचवीपर्यंतच होती. सहावीला तिला कुठे घालायचं, या एका प्रश्नापायी तिच्या आईने चार महिने स्वतःला स्वस्थता लाभू दिली नव्हती आणि घरातल्या कुणालाही. खारू हे मुलीचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती गालात घास धरून बसायची म्हणून बाबा तिला खारूताई म्हणू लागले, आणि तेच चिकटलं.

आई एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवण्यात तिचा हात इतका बसलेला होता, की कुणीही भेटलं तरी तिची नजर आधी त्याच्या तोंडात जायची. बाबा शहर बस चालवायचे आणि कशानेही लवकर हलायचे नाहीत.

आईने सात खाजगी शाळा पाहिल्या. एकीत शिक्षक फार तरुण, एकीत जिने फार अरुंद. एका शाळेत सगळं ठीक होतं, म्हणून तिला संशय आला. शेवटी दोन उरल्या. त्या बघायला खारूही बरोबर होती. पहिली टेकाडावरची नवी शाळा. मधोमध तीन मजले उंच दालन, वर काचेचं छत, आणि चारी बाजूंनी त्या दालनाकडे उघडे असलेले वर्ग. आत पाऊल टाकलं तेव्हाच आईच्या मनाने घेतलं, की आपली पोर इथेच शिकणार. दुसरी शाळा बाजारामागच्या जुन्या छापखान्यात भरायची. तिथल्या खोल्या बुटक्या, जमिनीवर झिजलेले जाड गालिचे. मुख्याध्यापक स्वतःच दार उघडायला आले. त्यांचा पुढचा एक दात कुणीतरी वाईट बसवून दिला होता. आईचं शाळेकडे कमी आणि त्या दाताकडेच जास्त लक्ष होतं.

टेकाडावरच्या शाळेचा अर्ज आईने दोनदा लिहून काढला. बाबांनी तो वाचला आणि एका जागी बोट ठेवलं.

"हा रकाना कोरा का?"

"त्यात आजार विचारलाय. तिला कुठे काय आजार आहे?"

"अगं, तिला एका कानाने ऐकू येत नाही."

"एका कानाने येतं ना! तेवढं पुरतं. आधीच सांगितलं तर मुलीला बघण्याआधी कान बघतील."

सहाव्या वर्षी आलेल्या तापात खारूचा उजवा कान गेला होता. जुन्या शाळेत हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. वर्गात उजव्या कडेचं, भिंतीलगतचं बाक तिचं, म्हणजे सगळा वर्ग डाव्या कानाकडे. पाच वर्षं कुणी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. बाबा म्हणाले, "बघ बाई, तुझं तू," आणि ड्यूटीवर गेले.

शाळेने खारूला एक दिवस वर्गात बसायला बोलावलं. सकाळी तिला फाटकाशी सोडून आई लॅबमध्ये आली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मेण तापवायला ठेवून विसरली. एका आजोबांच्या कवळीत उजवीकडची दाढ डावीकडे बसवली. शेजारची बाई म्हणाली, "अहो, ते जेवणार कसे?" तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. हातातलं काम तिच्यावर सोपवून आई दोन तास आधीच शाळेत जाऊन बसली. बाकड्यावर बसवेना म्हणून उठली, उभं राहवेना म्हणून पुन्हा बसली.

शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिका खारूला घेऊन बाहेर आल्या. चांगल्या हसऱ्या होत्या.

"मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या. "पण लक्ष कुठे असतं हिचं? तीनदा हाक मारली तरी मान वर नाही. घरीही असंच करते का?"

त्यांनी मुलांना आडनावांच्या क्रमाने बसवलं होतं. खारू डाव्या टोकाला आली होती, म्हणजे चांगला कान भिंतीकडे आणि बहिरा कान वर्गाकडे. आईला हे क्षणात उमगलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"काल झोप नीट झाली नाही तिची," आई म्हणाली.

खारू तिच्या उजव्या बाजूला उभी होती. तिला सगळं स्वच्छ ऐकू गेलं.

बसमध्ये खारू नेहमी आईच्या उजव्या हाताला बसायची, म्हणजे बोलता यायचं. त्या दिवशी ती मुकाट्याने डावीकडे जाऊन बसली. आईने डबा खाल्लास का विचारलं, कुणाशी बोललीस का विचारलं, उत्तर नाही. आधी आईला वाटलं, इंजिनचा आवाज असेल. मग तिला कळलं की पोरीने मुद्दाम कान फिरवलाय.

घरी आल्यावर खारू चपला न काढताच म्हणाली, "मी नीट झोपले होते."

"हो गं. मी आपलं..."

"तुला माझी लाज वाटते?"

"नाही गं राणी! नाही." आई खाली बसली. "मला भीती वाटते. ते तुला नाही म्हणतील अशी. तू ते ऐकशील अशी."

"मग मीच सांगितलं असतं ना. मला सांगता येतं," खारू म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आई टेकाडावर गेली आणि मुख्याध्यापिकेसमोर सगळं बोलली. रकान्याचं, झोपेचं, सगळं. बाई रागावतील, अर्ज परत देतील, अशी तिने तयारी ठेवली होती. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जागा बदलायला आम्हाला एक मिनिट लागलं असतं," त्या म्हणाल्या. "काल तो सगळा दिवस तुमच्या मुलीने एकटीने ओढला. तिला परत पाठवा."

आईला त्याहून ओरडा बरा वाटला असता.

खारू परत गेली. या वेळी ती थेट शिक्षिकेपाशी गेली, उजव्या कानाचं सांगितलं आणि कुठे बसू ते विचारलं. शिक्षिकेने तिला हव्या त्या जागी बसवलं. संध्याकाळपर्यंत शाळेचा फोनही आला की जागा पक्की. आईला आनंदाने रडू फुटलं. तिने आधी बाबांना फोन केला, मग बहिणीला.

रात्री जेवताना खारू म्हणाली, "त्या टीचर छान आहेत. पण मला तिथे नको."

आईचा घास हातातच राहिला. "का गं?"

"तिथे सगळं घुमतं. एक वर्ग हसला की सगळ्या वर्गांत हसू येतं. कोण कुठून बोलतंय कळत नाही. ऐकून ऐकून माझं डोकं दुखायला लागलं." मग ती म्हणाली, "छापखान्यात छान ऐकू येतं. आपण बघायला गेलो तेव्हाच मी ठरवलं होतं. तू विचारलंच नाहीस."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा पाणी पीत राहिले. चार महिने ती जिने, दारं, दात, सगळं पाहत फिरली होती, आणि ज्या उंच छतावर तिचा जीव जडला होता तिथे आवाज कसा घुमतो हे तिने एकदाही ऐकलं नव्हतं.

"आपण अजून एकदा विचार करू," ती म्हणाली.

"करू," बाबा म्हणाले, "पण हिच्यासकट."

तिने तीन दिवस विचार केला, दोनदा मत बदललं, आणि चौथ्या दिवशी टेकाडावरच्या शाळेला नकार कळवला. फोन ठेवल्यावर तासभर तिला हातातलं काही गमावल्यासारखं वाटत राहिलं.

खारू छापखान्याच्या शाळेत जाऊ लागली. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून पुटपुटतात म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. सर सुधारले, पण निम्मेच. एक मैत्रीण झाली, तिच्याशी भांडणही झालं. टेकाडावरच्या शाळेची बस सकाळी खिडकीखालून जाते तेव्हा आई अजूनही हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघते. आणि पोर दारात आली की विचारते, कसं झालं, कोण काय म्हणालं, नीट ऐकू आलं ना.

"आई," खारू दप्तर टाकत म्हणते, "आधी मला खायला दे. मग सांगते."