दियाबला मिळालेलं वर्ष

मल्लवीच्या बाजारात दियाबचं उसाच्या रसाचं दुकान होतं. एका मंगळवारी भर दुपारी तो चरकात ऊस सरकवत असताना कोर्टाचा बेलीफ दारात येऊन उभा राहिला. दुकानात सात-आठ गिऱ्हाईकं होती. कागद हातात द्यायचा आणि सही घ्यायची, एवढंच बेलिफाचं काम, पण दियाबचे हात रसाने चिकट झालेले, म्हणून त्याने सहज विचारलं, "काय लिहिलंय?" बेलिफाने चष्मा चढवला आणि कोर्टात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं:

"वादी रातिबा, सालेम यांची मुलगी, हिचं म्हणणं असं की लग्नाला सात वर्षं झाली. प्रतिवादी दियाब याने आजवर तिच्याशी एकदाही शरीरसंबंध केलेला नाही. तो करण्यास तो असमर्थ आहे. सबब वादीस त्याच्यापासून वेगळं करून मिळावं."

चरक तसाच फिरत राहिला. कोणीतरी अर्धा प्यायलेला ग्लास फळीवर ठेवला आणि निघून गेला. समोरच्या दुकानातला बयूमी न्हावी रस प्यायला आला होता. त्याच्या तोंडाला कुलूप असं कधी नसायचंच. तो म्हणाला, "दियाबभाऊ, जगाला ताकद विकतोस आणि घरी एक ग्लास नेत नाहीस होय?"

दोघं-तिघं हसले. दियाबने हात धुतले, सही केली आणि पुढचा ऊस चरकात घातला. दुसरं काय करावं हे त्याला सुचेना.

त्या सात वर्षांत घरात या गोष्टीवर एक शब्दही झाला नव्हता. पहिले काही महिने दियाब प्रयत्न करायचा, मग भिंतीकडे तोंड करून पडायचा. पुढे प्रयत्नही थांबला. त्याची आई हज्जा सेक्कीना रातिबाला घेऊन मिन्या शहरातल्या डॉक्टरांकडे, पिरांच्या दर्ग्यांवर, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या बायकांकडे हिंडली. रातिबाने मिळेल ते प्यायलं, सांगितलं ते गळ्यात बांधलं. फक्त डॉक्टरीण तपासायला लागली की ती टेबलावरून उठायची. सासू म्हणायची, "पोर तर होत नाही, वर हा तोरा!" रातिबा तेही ऐकून घ्यायची. तपासू दिलं असतं, तर दोष कोणाचा ते त्याच दिवशी कळलं असतं.

मग त्या वसंतात जेवताना सासूने सांगितलं की शेजारच्या गावात एकोणीस वर्षांची एक मुलगी पाहिली आहे, दियाबसाठी, दुसरी म्हणून. रातिबाने हातातली भाकरी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. दियाबने वालाच्या उसळीचं भांडं जवळ ओढलं आणि म्हणाला, "तुझी मर्जी, यम्मा."

दुसऱ्या दिवशी रातिबाने मशिदीचे शेख मुतवल्ली यांच्या बायकोकडे जाऊन आपला प्रश्न सांगितला. शेखांनी लगेच तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "सालेम, हा तुझ्या लेकीचा हक्क आहे. तो तुला अडवता येणार नाही, मलाही नाही." बिचाऱ्या सालेमला ते ऐकून घाम फुटला. पण खुद्द शेखांनीच सांगितल्यावर तो काय करणार? लेकीबरोबर कोर्टात गेला.

बेलीफ येऊन गेला त्या दिवशी दियाब उजेडातच घरी परतला. रातिबा ओट्यावर मसूर निवडत होती.

"मला सांगायचंस," तो म्हणाला.

"सात वर्षं एकाच खोलीत राहिलो आपण. कोणी कोणाला सांगायचं होतं?"

"बाजारात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

रातिबाने ताट बाजूला सारलं. "मी तर असंच आयुष्य काढलं असतं, दियाब. तुझ्या आईची बोलणी खात मेले असते. पण त्या पोरीला तू नाही म्हणाला नाहीस. उद्या तिलाही तोच पाला पाजला असता. तीही डॉक्टरिणीच्या टेबलावरून उठून पळाली असती. आणि तू म्हणालास, तुझी मर्जी!"

आत हज्जा सेक्कीना आपले कपडे बोचक्यात बांधत होती. त्याच संध्याकाळी ती लेकीच्या गावी निघून गेली. जाताना दोघांपैकी कोणाशीही बोलली नाही.

वकील दियाबच्या नात्यातलाच होता. त्याने समजावलं, "सरळ शपथ घे, म्हण संबंध झालाय. मग कुमारी असल्याचं तिला सिद्ध करावं लागेल. कोर्ट बायका नेमून तिला तपासायला लावेल. ती घाबरेल आणि दावा मागे घेईल. गावची पोर आहे, किती टिकेल?"

कोर्टात पंख्याखाली माणसं खेटून बसली होती. अर्ध्यांचं तिथे काही कामही नव्हतं. न्यायाधीशांनी दियाबला विचारलं, अगदी भाजीचा भाव विचारावा तितक्या सहजपणे, "या बाईशी तुझा कधी संबंध झाला आहे का? एकदाही?"

वकिलाने त्याच्या कोपराला ढोसलं. रातिबा पलीकडे उभी होती. तिच्या काळ्या ओढणीचं टोक तिने इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. डॉक्टरिणीच्या त्या टेबलावरून उठून ती किती वेळा पळाली असेल, असं दियाबच्या मनात आलं.

"नाही," तो म्हणाला. "ती खरं बोलतेय."

मागे कुजबुज उठली. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. मग त्यांनी सांगितलं की कायद्याने अशा माणसाला पूर्ण एक वर्ष मिळतं. शरीराचं एखादं दुखणं उन्हाळ्यात उतरतं, एखादं थंडीत, म्हणून चारही ऋतू त्याच्यावरून जाऊ द्यायचे. बायकोने तोवर त्याच्याच घरी राहायचं. दोघांपैकी कोणी आजारी पडलं, तर ते दिवस वर्षात धरायचे नाहीत. वर्ष सरलं की बाईला विचारलं जाईल, आणि ती म्हणेल ते होईल.

असं दियाबचं वर्ष सुरू झालं.

आता मल्लवीत ही गोष्ट सगळ्यांची झाली. शुक्रवारच्या नमाजानंतर कोणीतरी शेख मुतवल्लींना हाच प्रश्न विचारला आणि शेखांनी अर्धा तास त्याचं उत्तर दिलं. वर्ष कुठल्या दिवसापासून मोजायचं, एकदा संबंध झाला तर बाईचा हक्क राहतो की नाही, रमजानचे दिवस धरायचे की नाही, सगळं. लपवाछपवी नाही, चावटपणाही नाही. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू कसं करायचं हे सांगावं तसं. दियाब तिसऱ्या रांगेत मांडी घालून बसला होता. शेजारच्या माणसाने गुडघा जरासा दूर घेतला. शेवटी शेख म्हणाले, "आणि हे दुखणं आहे, गुन्हा नाही. हसणाऱ्याने आपल्या हसण्याचा जाब देण्याची तयारी ठेवावी."

तरी लोक हसायचे राहिले नाहीत. बयूमी रोज येऊन विचारायचा, "काय मग, ऋतू बदलला का?" एकाने ताकदीची म्हणून मसाला भरून शिजवलेली कबुतरं पाठवली, एकाने मधात कालवलेली कसली तरी पूड. भाजीवाल्याने न मागता पिशवीत झणझणीत पाल्याची जुडी कोंबली आणि डोळा मारला. असियूतच्या डॉक्टरने रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी बदलून दिल्या. काही झालं नाही. सगळं गाव दियाबच्या शरीराबद्दल बोलत होतं, पण त्याच्याशी मात्र कोणीच बोलत नव्हतं.

बोलली ती रातिबाच. उन्हाळ्यात एका दुपारी पंखा बंद पडला होता. दोघं उंबऱ्यात वाऱ्याला बसले होते. तिने समोर बघतच विचारलं, "तुला कधी वाटतच नाही का? की माझ्याबद्दल वाटत नाही?"

दियाबचे कान तापले. तो म्हणाला, "वाटतं. मनाला वाटतं. पुढे अंगाला निरोपच पोचत नाही."

"मला सात वर्षं वाटायचं, माझ्या अंगाला वास येतो."

"काय?"

"खरंच. मी दोनदा साबण लावायचे."

दियाबने तिच्याकडे पाहिलं. "अगं वेडे, मला वाटायचं मी इतका चिकट असतो रसाने, म्हणून तू लांब सरकतेस." आणि दोघंही हसायला लागली. इतकी हसली की पलीकडच्या गच्चीवरून शेजारणीने डोकावून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की औषध लागू पडलं.

लागू काही पडलं नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं. डॉक्टरने काय विचारलं ते तो घरी येऊन सांगायचा. लहानपणी सुंता करताना झालेल्या जखमेबद्दल त्याने सांगितलं, जे आईखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायका चादर बघायला आल्या, तेव्हा कोंबडीचं रक्त आपणच लावलं होतं, हे तिने सांगितलं. "मला वाटलं यम्माने लावलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुला विचारावंसं वाटलं नाही?" तर तो म्हणाला, "तुला वाटलं का सांगावंसं?" असं. कधी भांडण व्हायचं, कधी नुसतीच चहाची दुसरी फेरी.

डिसेंबरात दियाबला ताप भरला. नऊ दिवस तो अंथरुणात होता. रातिबाने त्याच्या पायांना गरम विटा लावल्या, लिंबाचं सरबत पाजलं, दुकानाला कुलूप घातलं. बरं वाटायला लागलं, तेव्हा हिच्यावाचून आपलं कसं होणार, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा आला. त्याने तो बोलून दाखवला नाही. बाकी सगळं बोलायची आता सवय झाली होती. एवढं एकच राहिलं.

वर्ष सरलं. कोर्टात पुन्हा तीच गर्दी. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा दियाब म्हणाला, "नाही. काही फरक नाही." ते रातिबाकडे वळणार, एवढ्यात वकील उठला. "साहेब, माझा अशील नऊ दिवस तापाने पडून होता. डॉक्टरचा कागद आहे. ते दिवस अजून बाकी आहेत."

न्यायाधीशांनी कागद पाहिला. "बरोबर आहे. तुला ते दिवस हवे आहेत का?"

"हवेत," दियाब म्हणाला.

मागून कोणीतरी ओरडलं, "जे वर्षात जमलं नाही ते नऊ दिवसांत करणार, पाहा!" सगळं कोर्ट हसलं. दियाब मान खाली घालून उभा राहिला. रातिबा हसली नाही. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली, आणि त्याला कळलं की ते दिवस कशासाठी हवेत हे तिला कळलं आहे.

त्या नऊ दिवसांत त्याने एकही गोळी घेतली नाही. दुकान दुपारी बंद करून घरी यायचा. रातिबाने एकदा सशाचं मटण आणि मुलुखियाच्या पाल्याची भाजी केली, एकदा त्याचे सगळे सदरे शिवून-टाचून ठेवले. आठव्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "राहशील का?"

तिने कप खाली ठेवला. "मी एकतीस वर्षांची झाले, दियाब. मला मूल हवंय. आणि नुसतं मूलच नाही, तेही हवंय ज्याबद्दल शेख अर्धा तास बोलले. हे म्हणायला मला लाज वाटायला हवी, पण तुझ्यासमोर नाही वाटत."

"मग?"

"मग काय? ज्याच्यासमोर लाज वाटत नाही असा एकच माणूस, आणि त्यालाच सोडून जायचं." ती उठली, नळाखाली कप धुऊ लागली, आणि बराच वेळ धूतच राहिली.

दहाव्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं. रातिबाने स्पष्ट सांगितलं, "वेगळं व्हायचंय." सालेम तिला घेऊन गेला.

पुढे गाव गप्प झालं. निकाल लागला, तसा गोष्टीतला रस संपला. बयूमी रस प्यायला यायचा तो पाण्याच्या टंचाईबद्दल बोलायचा. हज्जा सेक्कीना परत आली. ती जेवण वाढायची, दिवे मालवायची, पण त्या विषयाचा एक शब्द तिने कधी काढला नाही. दुसऱ्या लग्नाचा तर नाहीच. आधी सगळ्यांच्या तोंडी असलेल्या गोष्टीबद्दल आता कोणीच बोलत नव्हतं. आपण घरी काय सांगायचो, कोणाला सांगायचो, हे दियाबला कधी कधी दुकानात उभ्या उभ्या आठवायचं, आणि ऊस चरकाच्या तोंडाशी तसाच राहायचा.

दीड वर्षाने एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगितलं की सालेमच्या बनी मझारला पुन्हा दिलेल्या लेकीला मुलगी झाली. बोलता बोलता त्याचं लक्ष दियाबकडे गेलं आणि तो एकदम थांबला. दियाबने दोघांचे ग्लास काठोकाठ भरले.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर तो शेख मुतवल्लींजवळ जाऊन बसला. "शेख, एक विचारायचं होतं. वेगळ्या झालेल्या बायकोला मूल झालं, तर अभिनंदन कळवलेलं चालतं का?"

शेखांनी जपमाळ मुठीत धरली. "ती आता परकी आहे. तिला एकट्याने भेटणं नाही. पण तिच्या नवऱ्याकडे निरोप पाठवायला हरकत नाही. चांगलं बोलावं, थोडक्यात बोलावं."

"काय म्हणावं?"

"म्हणावं, अल्लाह तिला आयुष्य देवो आणि आईबापांच्या डोळ्यांना सुख देवो."

"एवढंच?"

"एवढंच."

दियाबने मान हलवली. मशिदीत आता दोघंच होते. बाहेर कोणीतरी चपला शोधत होतं.

"आणखी काही विचारायचंय?" शेखांनी हळूच विचारलं.

दियाबने बराच विचार केला. विचारण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. सांगण्यासारखं खूप होतं.

"नाही, शेख," तो म्हणाला. त्याने शेखांकडून निरोप एका चिठ्ठीवर लिहून घेतला, बनी मझारला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरकडे दिला, आणि जाऊन दुकान उघडलं.