औषध पोहोचवायचा पत्ता

वॉशिंग मशीनने धुणं झाल्याची लांबलचक शीळ घातली आणि तिने दचकून पलंगाकडे पाहिलं. मुलगी हलली नाही. गालाखाली हात, तोंड अर्धवट उघडं. बाईसाहेब एवढ्यात काही उठत नाहीत, असा अंदाज बांधून ती चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात गेली आणि मशीनचं तोंड बंद केलं. कपडे राहू देत आतच.

ओट्याला टेकून तिने नवऱ्याचा जुना फोन हातात घेतला. हा नंबर संस्थेत कुणाकडेच नव्हता.

घरातून जीव मुठीत धरून निघालेल्या बायकांना संस्था आसरा देई. त्यांना कुठे ठेवलंय हे बाहेर फुटू नये, हे सांभाळणं तिचं काम. सांगून सांगून तोंडाला फेस आला होता. पासवर्ड फ्रिजवर चिकटवू नका म्हटलं, तर तो फ्रिजच्या आत चिकटला. कॉम्प्युटर उघडा टाकून जेवायला जाऊ नका म्हटलं, तर संस्था काढणाऱ्या मोठ्या ताई हसल्या होत्या, "अगं, इथे सगळी घरचीच माणसं. घरात कुणी कुलपं लावतं का?" फोनवर कुणी काही विचारलं, तर आधी फोन ठेवा, आपल्याकडच्या नंबरवर उलट फोन करून खात्री करा, हा नियम तर सगळ्यांनी माना डोलावून ऐकला आणि चहाबरोबर पिऊन टाकला.

आणि गेल्याच आठवड्यात एक बाई दम्याचा मुलगा कडेवर घेऊन आली होती. तिचा नवरा म्हणे 'सापडलीस तर' एवढंच बोलून थांबायचा. पुढचं बोलायची त्याला गरजच पडायची नाही.

तिने संस्थेचा नंबर लावला, फोनवर फडकं धरलं, आवाज जाड केला.

"नमस्कार, मुलांच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमच्याकडच्या त्या दम्याच्या मुलाचं औषध बदललंय. लगेच पोहोचवायला हवं. कुठे पाठवू?"

फोन हिशेबनीस काकांनी घेतला होता.

"अरेरे! थांबा हं, नीट सांगतो."

आणि सांगितलं. गल्ली, खालचं शिंप्याचं दुकान, अरुंद जिना, वर डावीकडचं दार. "बेल बिघडलीये बरं का, टकटक करायला सांगा. पोरगं ठीक आहे ना हो?"

तिने फडकं ओढून काढलं.

"काका, मी बोलतेय."

"अगं... तू?"

"एक प्रश्न विचारला नाहीत! बेलसुद्धा सांगून मोकळे झालात! किती डोकं फोडायचं मी तुमच्यापुढे?"

"पोराचं औषध म्हटल्यावर काय फोन आपटू?" काका दुखावले. मग स्वतःशीच हसले. "तरी मला वाटलंच होतं. एकाच औषधासाठी दवाखाना दोनदा कशाला फोन करेल? सकाळचा तो माणूसही तुझाच ना?"

फडकं तिच्या हातून खाली पडलं.

"कुठला माणूस, काका?"

"तोच गं, औषधवाला. फार गोड बोलला. मी त्याला म्हटलं..." काका मध्येच थांबले. "तो तुझा नव्हता?"

आता तिला ओरडावंसंही वाटेना.

"मोठ्या ताईंना गाडी घेऊन तिकडे जायला सांगा. आत्ता. मी बाईला फोन करते."

बाईने लगेच उचलला.

"कडी लावा आणि मुलाला जवळ घेऊन बसा. ताई जिन्यातून तुम्हाला हाक मारतील. तोवर कितीही टकटक झाली तरी दार उघडायचं नाही."

बाईने 'का' विचारलं नाही.

"पिशवी भरलेलीच आहे," एवढंच म्हणाली.

फोन ठेवून ती वळली, तर मुलगी दारात उभी. मागे लोळत आलेली चादर, केस डोळ्यांवर.

"कुणाला दार उघडायचं नाही, आई?"

तिने तिला उचलून घट्ट धरलं. झोपेने ऊबदार झालेल्या मानेत तोंड खुपसलं.

"अनोळखी माणसाला, राणी."

मुलगी विचारात पडली. आईच्या कानातली रिंग बोटाने फिरवत राहिली.

"आणि बाबांनी टकटक केली तर?"