दोन प्रवाशांची अट

वरच्या वस्तीत बस रोज यायची, तेव्हा कुणाला तिचं अप्रूप नव्हतं. मग तरुण मंडळी शहरात राहायला गेली, उरलेल्यांनी गाड्या घेतल्या आणि बस रिकामी चढायची, रिकामी उतरायची. जिल्हा छोटा, बसगाड्या मोजक्या. शेवटी वाहतूक कार्यालयाने नियम काढला : आदल्या दिवशी फोन करून निदान दोन प्रवाशांनी जागा सांगितली, तरच बस वस्तीपर्यंत येईल. नाहीतर खालच्या फाट्यावरूनच वळेल.

वस्तीत बसवाचून अडणाऱ्या दोघीच उरल्या होत्या. दोघी सख्ख्या जावा, दोघींचे नवरे वारलेले. एकाच घराचे दोन भाग, मधे भिंत. आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता.

कारण जुनं होतं. थोरलीच्या मुलीला लहानपणी फिट यायची. औषधांनी ती पुढे थांबली. मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मुलाकडच्यांनी धाकटीला एकटीला गाठून विचारलं, मुलीला काही आजार होता का. धाकटी हो म्हणाली. लग्न मोडलं. मुलगी पुढे शिकली, शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली, आपल्या पसंतीने लग्न करून सुखात राहिली. काकूबद्दल तिच्या मनात काही उरलं नाही. जे उरलं ते सगळं आईच्या मनात.

नियम आला तेव्हा थोरलीचा गुडघा नुकताच दुखायला लागला होता. डॉक्टरांनी दर आठवड्याला शेकायला आणि व्यायामाला बोलावलेलं. तिने बसच्या कार्यालयात फोन केला. फोनवरच्या बाईने सांगितलं, एकच जागा होतेय, आणखी कुणी आहे का घरात? थोरली म्हणाली, घरात कुणी नाही. ते खरंच होतं. जी होती ती भिंतीपलीकडे होती. थोरली काठी टेकत फाट्यापर्यंत उतरली, संध्याकाळी चढून आली आणि पुढचे चार दिवस गुडघा भोपळ्याएवढा सुजून राहिला.

धाकटीची गत वेगळी नव्हती. ती कपडे शिवायची आणि शिवलेला माल शहरातल्या दुकानात पोचवायची. गठ्ठे घेऊन फाट्यापर्यंत चालणं म्हणजे पाठीचा भुगा. तिनेही फोन केला. फोनवरच्या बाईला दोन्ही पत्ते सारखेच दिसले, तशी ती म्हणाली, "तुमच्याच घरातून मंगळवारची एक जागा सांगितलीय. तुम्हीही मंगळवार घ्या ना ताई, बस वर येईल."

"आम्ही बोलत नाही एकमेकींशी," धाकटी म्हणाली.

"बसमध्ये बोलायची सक्ती नाही."

धाकटीने मंगळवार घेतला.

बस दारात आली. थोरली ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली, धाकटी आपले गठ्ठे घेऊन थेट शेवटच्या. मधली सगळी बस रिकामी. थोरलीला वारा लागला की ती ड्रायव्हरला म्हणायची, मागची खिडकी लावायला सांगा. ड्रायव्हर आरशात बघून म्हणायचा, "मावशी, खिडकी." धाकटी खिडकी लावायची आणि ड्रायव्हरला सांगायची, म्हणावं लावली. डेपोतल्या लोकांना तो सांगायचा, या दोघींना नेण्यापेक्षा शाळेची सहल परवडली, निदान पोरं आपसात भांडतात तरी.

असे बरेच मंगळवार गेले. मग एका मंगळवारी थोरली बाहेरच आली नाही.

धाकटी बसमध्ये बसून होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला. दार बंदच. तो म्हणाला, आता वर आलोच आहे तर तुम्हाला नेतो, नियमाचं खाली बघून घेऊ. धाकटी थोडा वेळ गठ्ठ्यांकडे बघत बसली. मग उतरली आणि थोरलीच्या दाराशी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

थोरली साडी बदलून, पिशवी मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती.

"बस उभी आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्याकडे न बघताच सांगितलं, डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतायत, आज तारीख देणार आहेत. मला नाही जायचं.

"तुम्ही नाही आलात तर पुढच्या मंगळवारी मलाही बस नाही."

"तुझ्या बससाठी मी गुडघा कापून घेऊ?"

"माझ्यासाठी नको. पण नाही कापलात तर वर्षभरात खाटेला खिळाल. मग बस दारात येऊनही उपयोग नाही."

थोरलीने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाली, "तू का सांगितलंस त्यांना?"

कशाबद्दल, हे धाकटीने विचारलं नाही. "त्यांनी विचारलं. लग्नानंतर कळलं असतं तर त्यांनी पोरीला परत आणून सोडलं असतं."

"ते मलाही कळत होतं. मी काय दूधखुळी होते? पण तू घरी येऊन मला सांगायचंस. मला त्या लोकांच्या तोंडून कळलं. भरल्या घरात."

इतकी वर्षं धाकटी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत आली होती, पण आधी थोरलीला सांगायला हवं होतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. ती नुसतं "हो" म्हणाली. मग तिने कोपऱ्यातली काठी उचलून थोरलीच्या हातात दिली.

त्या दिवशी बस उशिरा निघाली. दोघी आपापल्या जागीच बसल्या. खिडकीबद्दल कुणी काही बोललं नाही.

ऑपरेशन महिन्याभराने झालं. मुलीला रात्रपाळी होती, म्हणून इस्पितळात दोन रात्री धाकटी राहिली. दोघींत बोलणं झालं ते एवढंच : पाणी हवं का, उशी सरकवू का, नर्सला बोलावू का. दुसऱ्या रात्री थोरलीला कळा सुरू झाल्या, तेव्हा धाकटीने तिचा पाय धरून ठेवला आणि थोरलीने धरू दिला.

थोरली पुढे काही दिवस मुलीकडेच राहिली. ती नसताना बस वर येणं बंदच होतं. धाकटी गठ्ठे घेऊन फाट्यापर्यंत चालत राहिली. तिने तक्रार केली नाही. थोरलीला मुलीकडून हे कळलं. जावयाने आणखी महिनाभर राहण्याचा आग्रह केला, पण ती म्हणाली, चालता येतंय, आता घरी सोडा.

परत गेल्यावर महिनाभराने मुलीने फोनवर विचारलं, "काकूशी बोलतेस ना आता?"

"बोलते की. कामापुरतं."

"म्हणजे मिटलं म्हणायचं."

"मिटलं असं काही नाही," आई म्हणाली. "पण चाललंय. ठेव आता, ती पलीकडून हाका मारतेय."