कंप्यूटर महाराजांची पेटी

सौंसरच्या शाळेत रेडिओ श्रोता संघाची अशी झुंबड उडाली होती, की जणू पेटीतून देवच निघणार होता. निघणार होतं फक्त एक नाव. रामाकोना, लोधीखेडा, बोरगाव, आसपासच्या सगळ्या गावांतल्या सभासदांना कोणीतरी निनावी पोस्टकार्डांवर शिव्या लिहून पाठवत होतं. विज्ञानाच्या जयवंताबाईंनी सुचवलं होतं, "रजिस्टर ठेवा, सगळ्यांचं अक्षर ताडून पाहा." पण १९८६ साली नुसतं 'कंप्यूटर' म्हटलं तरी लोक हात जोडत. रजिस्टरला कोण विचारतो? अध्यक्ष केशवरावांनी थेट पेटीतून गुन्हेगाराचं नाव काढणारे कंप्यूटर महाराजच आणले.

पेटी पत्र्याची, आत पेटता बल्ब. महाराजांनी आपल्या गठ्ठ्यातला कोरा कागद आत सरकवला. "यंत्राला ना जात, ना नातं! यंत्र झूठ बोलत नाही!"

थोड्या वेळात कागदावर तपकिरी अक्षरं उमटली: कमल.

टाळ्या! संत्र्याच्या तोडणीला जाणारी कमल उठून उभी राहिली. कार्ड टाकून गाण्याची फर्माइश करायची आणि रेडिओवर आपलं नाव ऐकायचं, एवढीच तिची चैन.

"तुह्यं नाव संघातून काटलं," केशवराव म्हणाले.

"मी कायले लिहीन जी? शिव्या द्याच्या असत्या तं तोंडावर दिल्या असत्या. कार्ड काहून नासवू?"

जयवंताबाईंना हे पटलं. त्यांनी कागद हुंगला. ओळखीचा वास! मग महाराजांच्या गठ्ठ्यातला दुसरा कोरा कागद चहाच्या शेगडीवर धरला.

"बाई, काय करून राहिल्या? मंतरलेला कागद हाय तो!" केशवराव ओरडले.

कागदावर उमटलं: कमल. तिसऱ्यावरही कमल. मग बाईंनी वहीचं पान पेटीत टाकलं. ते कोरंच राहिलं.

"संत्र्याच्या रसानं लिहून वाळवलं, की दिसत नाही," बाई म्हणाल्या. "बल्बची असो की शेगडीची, ऊब लागली की करपून दिसतं. महाराज, तुमच्यापेक्षा आमची शेगडी बरी. ती चहा तरी देते."

"पन याले कमलचं नाव कोनं सांगतलं?" मागून कोणीतरी विचारलं.

महाराजांनी केशवरावांकडे पाहिलं. केशवराव टोपी चाचपू लागले. "काल जेवताना मीच म्हनलं होतं, तिच्यावर शक हाय करून. मांगच्या सभेत उलट बोलली होती मले."

महाराज पेटी तिथेच टाकून बसस्टँडकडे सटकले.

आता घरोघरचे ते रेडिओ मुके झाले, पण बाईंचे शब्द जुन्या माणसांना आठवतात: "पेटी असो की महाराज, त्यातून काय निघालं हे पाहण्याआधी त्यात कोणी काय घातलं ते विचारा. आपल्याला आवडेल तेच उत्तर आलं, तर दोनदा विचारा."

महाराज पळाले त्याच दिवशी अक्षर ताडायला रजिस्टर आलं. कमलनं ठसठशीत अक्षरात पहिली ओळ लिहिली आणि पेन पुढे केला.

"आता तुम्ही लिहा जी, केशवराव."