घरात एकानं पुढं

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये आम्ही बायका बऱ्याच वर्षांपासून मतं देत होतो, पण वायोमिंग राज्य झाल्यावर राष्ट्राध्यक्षासाठी हे आमचं पहिलंच मत. मी नवी टोपी आठवडाभर आधीच खुंटीवर काढून ठेवली होती.

आदल्या दिवशी माझा नवरा ऑरिन म्हणाला, "तुझा पक्ष एक, माझा दुसरा. तुझं मत माझं मत खाणार. मग चिखलातून घोडी दमवायची कशाला? दोघंही घरीच राहू."

आजूबाजूची जोडपी असे करार करतच. हिशेब बरोबर होता, म्हणून मी हातात हात दिला आणि मग दिवसभर त्या हाताला शिव्या घातल्या.

मतदानाच्या सकाळी सासूबाई शाल गुंडाळून दारात उभ्या. "ऑरिन, गाडी जोड. मत द्यायला जायचंय."

"आई, आमचा करार झालाय!"

"तुमचा झालाय. मला कुणी विचारलं?"

"पण तू देणार कुणाला?"

"सुनेच्या पक्षाला. तुझ्या बापाशी याच पक्षापायी जन्मभर भांडले, ते काय उगीच?"

आईला नाही म्हणायची ऑरिनची छाती नव्हती. मीही टोपी घालून गाडीत चढले. "बघायला तर बंदी नाही ना?"

गावात ताशे, निशाणं, नुसती धमाल. मतदान होतं त्या शाळेसमोर ही रांग! सासूबाई काठी टेकत आत गेल्या. आम्ही दोघं गाडीतच. शब्द मी आधी मोडणार नव्हते. पण मनात एकच धावा चालला होता : तू मोड रे बाबा, तू मोड.

सासूबाई बाहेर आल्या त्या काठी उंचावूनच. "झालं! घरात आम्ही एकानं पुढं!"

"ऑरिन, म्हातारीनं चीत केलं की रे तुला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

ऑरिननं लगाम टाकला आणि खाली उडी मारली.

"कुठं निघालास?"

"बरोबरी करायला!"

"करार मोडलास!" इतक्या आनंदानं मी नवऱ्यावर कधी ओरडले नव्हते. झगा सावरत मी धावले आणि रांगेत त्याच्या पाठीशी उभी राहिले.

त्यानं वळून पाहिलं. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मी पुन्हा एकानं मागंच?"

"मागंच."

तो हसला, बाजूला सरकला. "हो पुढं. टोपी वाया नको जायला."

आत दोरीला पेन्सिल बांधलेली होती. मी ती अशी दाबून धरली, की फुली जरा मोठीच पडली.