बेडकाला लाल कोट

तो फोटो ग्रुपवर टाकला तो मी. आमच्या यांनी नाही. हे एवढंसं वाक्य मी जुलैत दहा दिवस गिळून बसले होते, म्हणून आता सगळ्यांत आधी तेच सांगून टाकते. पुढचं बोलायला जीभ मोकळी होईल.

आम्ही मरोळ गावठाणात राहतो. घर ज्युलियस आणि जोसेफीनचं. पुढचा भाग त्यांचा, मागच्या दोन खोल्यांत आम्ही एकतीस वर्षांचे भाडेकरू, आणि परस दोघांचं मिळून एक. जाळी टाकलेली विहीर, एक पेरू, थोड्या केळी, धुण्याचा दगड. आजूबाजूला टॉवर उठत गेले तसे वस्तीतले सगळे जीव इथे मुक्कामाला आले. खारी, बुलबुल, मुंगसाची जोडी, एक आळशी सरडा. माणसांना मेली जागा मिळत नाही, यांची मात्र चंगळ.

आमचे हे, मार्तंड, पार्ल्याच्या एका फोटो स्टुडिओत चाळीस वर्षं टचिंग करायचे. लग्नाच्या मुलींचे तीळ पुसायचे, मुंजमुलांचे पुढे आलेले दात मागे सारायचे. पण मुख्य काम मेलेल्यांचं. घरात कुणी गेलं की लोक कुठल्यातरी ओळखपत्रावरचा किंवा बारशाच्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा घेऊन यायचे आणि भिंतीवर लावण्याजोगा फोटो तेराव्याच्या आत मागायचे. हे तो चेहरा मोठा करायचे, देवीचे व्रण बुजवायचे, मिटलेले डोळे उघडायचे आणि वर कोट चढवायचे. जन्मभर लेंगा-सदऱ्यात वावरलेली माणसं यांच्या हातून कोट-टाय घालून भिंतीवर गेली. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा यांनी कोटांचं एक फोल्डरच करून ठेवलं. नेव्ही ब्लू, करडा, काळा. ज्याच्या खांद्याला जो बसेल तो.

निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, "शकु, आता मेलेल्यांचं एकही काम घेणार नाही." आमच्या मुलीने, स्वरदाने, यांना टॅबलेट आणि त्यावर चित्र काढायचं पेन आणून दिलं. तेव्हापासून हे सकाळी मोबाईल घेऊन परसात स्टुलावर बसतात, जो येईल त्याचा फोटो काढतात आणि दुपारी टॅबलेटवर त्याला कपडे घालतात. खारीला चष्मा लावला, काठापदराची साडी नेसवली, आणि तिच्या हातातल्या पेरूच्या फोडीचा खडू केला. अगदी गणिताच्या बाई. मुंगसाला वकिलाचा काळा कोट. सरड्याला हेल्मेट, कारण तो कुंपणावर बसून मान अशी हलवतो की सिग्नल कधी सुटतोय असं झालंय त्याला. भारद्वाजाला काही घालावंच लागलं नाही. तो जन्मतःच विटकरी जाकीट घालून आलाय; यांनी त्याच्या गळ्यात नुसती कंडक्टरची बॅग अडकवली, आणि तो "पुढे चला, पुढे चला" म्हणतोय असं वाटायला लागलं.

मी म्हणायची, "बायकोला इतक्या वर्षांत एक पैठणी घेतली नाहीत, खारीला बरी मिळाली." पण मला ती चित्रं फार आवडायची. रोज सकाळी मी एखादं उचलून गावठाणाच्या ग्रुपवर टाकायची, वर शुभ सकाळ. हे विचारायचे नाहीत, मी सांगायची नाही.

या चित्रांवर सगळ्यांत जास्त खूश असायचा तो ज्युलियस. गावठाणाच्या बँडमध्ये तो ट्रंपेट वाजवायचा. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर नवरानवरीच्या अंघोळीचं, उंबराचं पाणी आणायला जातात. त्यांच्या पुढे ज्युलियस, सोनेरी पट्ट्यांचा लाल कोट घालून. फुंकताना त्याचे गाल दोन्ही बाजूंना मोसंबीएवढे फुगायचे आणि डावा डोळा अर्धा मिटायचा. मार्तंड आणि तो रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून एकमेकांची टर उडवायचे. दोघांना दुसरं कुणी मित्र म्हणून नव्हतंच.

गेल्या वर्षी जानेवारीत ज्युलियस गेला. झोपेतच गेला. जोसेफीन दुसऱ्या दिवशी फोटोंचा डबा घेऊन आली. सगळ्या फोटोंत तोंडाला ट्रंपेट. लोकांनी त्याला टिपला तो वाजवतानाच. गप्प बसलेल्या ज्युलियसचा फोटो कोण काढणार? मेलेल्यांचं काम घ्यायचं नाही असं ठरलं होतं, पण हा ज्युलियस होता. हे दिवसभर खपले. ट्रंपेट काढून टाकली, गाल बसवले, मिटलेला डोळा उघडला, केस विंचरले, बँडचा लाल कोट उतरवून फोल्डरमधला नेव्ही ब्लू चढवला, टाय लावला. काय फोटो झाला! अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकाने नाव काढलं. जोसेफीनने "थँक्यू मार्तंड" म्हटलं आणि हॉलमध्ये क्रुसाखाली लावला. फार बोलली नाही. आम्हाला वाटलं, दुःखात आहे.

जुलैत धुण्याच्या दगडापाशी एक पिवळाजर्द बेडूक यायला लागला. ओरडला की त्याच्या गळ्याशी दोन बाजूंना दोन निळे फुगे फुगायचे. हे दोन दुपारी त्याच्यासमोर उकिडवे बसून होते, गुडघे दुखतात ते विसरून. तिसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळीला गेले आणि मी अळूवडीची कृती बघायला टॅबलेट उघडला. समोर तो बेडूक. अंगात ज्युलियसचा लाल कोट, त्याचाच, फोटोतून अलगद कापून घेतलेला. तोंडाला ट्रंपेट, गाल फुगलेले आणि डावा डोळा अर्धा मिटलेला. मी इतकी हसले की ओट्याला धरून उभी राहिले. आणि त्याच झटक्यात पाठवून दिला. शुभ सकाळ, आणि पुढे हसून हसून रडणारे तीन पिवळे चेहरे.

हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, तर माझ्या मोबाईलवर टिंग टिंग चालू होतं. "अरे, हा तर आपला ज्युलियस!" "बेडूक बँडमास्टर, झकास!" यांनी वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला.

"ते दाखवायचं नव्हतं गं," म्हणाले. "माझ्यासाठी केलं होतं."

ग्रुपवर जोसेफीनही होती. मी आधी त्याचा विचारच केला नव्हता. अक्कल गहाण टाकली होती मी.

त्या दुपारी तिने परसातलं आपलं दार लावून घेतलं. दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी हे झाडाखाली उभे असताना ती बाहेर आली, आणि मी आमच्या जाळीच्या दाराआड.

"मार्तंड," ती म्हणाली, "लाज नाय वाटली तुला? माझ्या घोवाचं असं केलंस?"

यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चुकलं माझं, जोसेफीन," म्हणाले.

मी तेव्हाच दार उघडून बाहेर यायला हवं होतं. चार पावलांचं अंतर. नाही आले. एरवी भाजीवाल्यापासून शेजारच्या टॉवरच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाला सोडत नाही मी, पण त्या दिवशी कडी धरून आतच उभी राहिले. यांनी टॅबलेट कपाटात ठेवून दिला. सकाळी स्टुलावर बसायचे, खार पायाशी येऊन जायची, हात काही मोबाईलकडे जायचा नाही. एकदाही मला बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. न बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

दहाव्या दिवशी मला जेवण जाईना. ताट सारलं आणि तशीच जोसेफीनच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ती कोळंबी सोलत होती.

"जोसेफीन, तो फोटो मी टाकला. यांना ठाऊकही नव्हतं."

"मना माहीत हाय," ती मान वर न करता म्हणाली.

"काय?"

"मार्तंडने जन्मात कुणाला शुभ सकाळ केलंय काय? आन ते रडके हसके चेहरे? ते तुझेच, शकु."

मला राग आला. चूक माझी असून आला. "मग त्यांना का बोललीस? दहा दिवस तोंडात घास घालवत नाही त्यांच्याच्याने!"

"तू हसलीस, गाव हसलं, त्याचा राग नाय मना. ज्युलियस असता तर तोच सगळ्यांत मोठ्याने हसला असता. माझा राग मार्तंडवर हाय." तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मला दंडाला धरून हॉलमध्ये नेलं. क्रुसाखालच्या फोटोसमोर उभं केलं. "हा कोण?"

"ज्युलियस."

"नीट बघ."

मी पाहिलं. सहा महिने मी त्या फोटोसमोरून ये-जा करत होते, पण पाहिला तेव्हाच. गुळगुळीत गाल, दोन्ही डोळे सारखे उघडे, टायची गाठ सरळ. एखाद्या बँकेत खिडकीमागे बसलेला सज्जन माणूस. यापूर्वी मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"रोज याच्यासमोर मेणबत्ती लावते," जोसेफीन म्हणाली. "पाय सुजला ते सांगते, मीटरवाला येऊन गेला ते सांगते. आन हा मना असा बघतो की कोण ही बाई. मी काय बोलणार? मार्तंड दिवसभर राबला, मरणाच्या घरात कोण खोट काढतो? मना वाटलं, मीच विसरायला लागले. डोळे मिटले तरी हाच टायवाला समोर येतो. माझ्या ज्युलियसचा चेहरा मना आठवेना, शकु. आन मग त्या दिवशी तुझा बेडूक आला." तिने फोटोकडे पाठ केली. "तो होता तो. गाल, डोळा, सगळा तोच. म्हणजे मार्तंडला माहीत होतं माझा नवरा कसा दिसतो ते. तो त्याने बेडकाला दिला, आन मना हा साहेब दिला."

मी तिला जवळ घेतलं. कोळंबीच्या वासात दोघी रडलो.

घरी येऊन यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. कारागिराला त्याचं काम वाईट झालं असं सांगणं सोपं नसतं, आणि इथे तर काम चांगलं झालं तेच वाईट होतं. यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "किती घरांत लावलेत गं मी असे," म्हणाले. मग कपाटातून टॅबलेट काढला आणि परस ओलांडून तिच्या दाराशी गेले. मीही मागोमाग गेले. या वेळी जाळीआड थांबले नाही.

"जोसेफीन, दुसरा करून देतो," हे म्हणाले. "गाल असतील तसे ठेवतो. डोळ्याला हात लावत नाही."

"आता कायच करू नको," ती म्हणाली. "मना तो बेडूक दे. मोठा करून, काचेत घालून."

माझ्याने राहवलं नाही. "अगं बाई, क्रुसाखाली बेडूक लावणार? घरात पाद्री येतात, पाहुणे येतात. लोक काय म्हणतील?"

"लोक?" जोसेफीन म्हणाली. "लोक ओळखतील त्याला."

तिने टायवाल्याला स्वतःच्या हाताने खिळ्यावरून उतरवलं आणि यांच्या हातात दिलं, अगदी मानाने, परक्या पाहुण्याला निरोप द्यावा तसं.

या जानेवारीत ज्युलियसची वर्षाची मिस्सा झाली. चर्चमधून सगळे प्रार्थनेला घरी आले. भिंतीवर क्रूस आणि खाली लाल कोटातला बेडूक, सोनेरी चौकटीत. फादरनी एकदा वर पाहिलं, खाकरले आणि पुस्तक उघडलं. मागे दोन बायका कुजबुजल्या, त्यांच्याकडे मी असं बघितलं की गप्प झाल्या. हे कोपऱ्यात, परीक्षेला बसल्यासारखे.

प्रार्थना संपता संपता व्हर्नन आला. बँडमध्ये ज्युलियसच्या शेजारी उभं राहून याने तीस वर्षं ढोल वाजवला. आता काठी टेकत चालतो. मुलाकडे वसईला असतो, आमच्या ग्रुपवर नाही, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो सरळ भिंतीपाशी गेला आणि थांबला. मला वाटलं, आता हा विचारणार की हे काय थेर आहेत. त्याने टोपी काढली, काठी बगलेत धरली आणि काचेवर, त्या फुगलेल्या गालावर, सावकाश हात ठेवला.

"बस झालं रे ज्युलियस," तो म्हणाला. "श्वास सोड आता."

जोसेफीन उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.